केमिकल इंजिनिअरिंग हाताने शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

चौथी_सेमिस्टर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते.

आमच्या लॅबमध्ये डिस्टिलेशन कॉलम आहे, म्हणजे द्रवांचं मिश्रण उकळून वेगळं करायचा मनोरा. काचेचा, चांगला उंच. दीड वर्षात तो एकदाही चालू झालेला मी पाहिला नाही. जे सेटअप चालतात त्यांच्याभोवती आम्ही दहा-बारा जण उभे राहतो. एक जण व्हॉल्व्ह फिरवतो, एक जण स्टॉपवॉच धरतो, बाकीचे आकडे उतरवतात. परवा पाइपमधल्या घर्षणाचा प्रयोग होता. दाब मोजायच्या मॅनोमीटरच्या नळीत हवेचे बुडबुडे अडकले होते, त्यामुळे रीडिंग भलतंच येत होतं. ते बुडबुडे का आले, कसे काढायचे, कुणी विचारलंच नाही. सीनिअरच्या जर्नलमधले आकडे घेतले, ग्राफ सुंदर आला, सही मिळाली.

घरी येऊन मला खूप वाईट वाटलं. दोन वर्षांनी मी कुठल्यातरी प्लांटमध्ये उभी असेन आणि तिथे सीनिअरचं जर्नल नसेल.

तर विचारायचंय हे, की ज्यांनी हे क्षेत्र खरोखर हाताने शिकलंय त्यांनी ते कसं शिकलं? आणि कॉलेजात सोय नसेल तर माझ्यासारखीने आज, उद्या, या आठवड्यात काय करावं?

मधली_सुट्टी

आमच्या कॉलेजात पाइपमधला प्रवाह मोजणाऱ्या ऑरिफिस मीटरचा कोइफिशंट प्रत्येक बॅचला ०.६२ यायचा. एका मुलाला ०.५८ आला, तर त्याला प्रयोग पुन्हा करायला लावला. खरं म्हणजे सगळ्या वर्गात प्रयोग त्याने एकट्यानेच केला होता.

रात्रपाळी

तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी कोकणातल्या एका केमिकल प्लांटमधून ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. माझी सुरुवातीची एक रात्र सांगतो.

ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून लागून तीन महिने झाले होते. रात्री दोनच्या सुमाराला सॉल्व्हंटचा एक पंप खडखडायला लागला. कुणी आत मूठभर खडी टाकली असावी तसा आवाज. डिलिव्हरीच्या गेजचा काटा थरथरत होता. मी मेकॅनिकल फॉल्ट म्हणून फिटरला बोलवायला निघालो, तर फिल्ड ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पंपाला धाप लागलीय. आधी त्याच्या नाकापाशी बघा." नाक म्हणजे सक्शन, द्रव पंपात शिरतो ती बाजू. त्याने डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह जरा दाबला, आवाज कमी झाला. मग स्पेअर पंप लावून पहिला बंद केला आणि सक्शनचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडला. गाळाने गच्च भरलेला.

कॅव्हिटेशन मला पाठ होतं. सक्शनला दाब द्रवाच्या बाष्पदाबाच्या खाली गेला की द्रव तिथेच उकळतो, बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फुटतात आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, खातात. परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते. पण त्या आवाजाला कॅव्हिटेशन म्हणतात हे मला त्या रात्री कळलं. सूत्र डोक्यात होतं, आवाज कानात होता आणि दोघांची ओळख करून देणारा माणूस दहावी शिकलेला होता. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

समतोल

थोडं विरुद्ध बोलतो. मी १४ वर्षं प्रोसेस डिझाइनमध्ये आहे, मुंबईत. "हाताने शिकणं" या शब्दाभोवती जो भाबडेपणा जमा होतो तो मला पटत नाही. व्हॉल्व्ह फिरवायला चार वर्षांची डिग्री लागत नाही. इंजिनिअरचं काम हे आहे की जो कॉलम अजून उभाच नाही, त्याचा व्यास किती, ट्रे किती, तळाशी द्रव उकळवणाऱ्या रिबॉयलरला वाफ किती, हे आधी सांगणं. ते कागदावर आणि सिम्युलेटरवरच होतं. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांना पंप उघडता येत नाही याचं मला दुःख नाही. त्यांना साधा मास बॅलन्स, म्हणजे आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशेब, जुळवता येत नाही, याचं आहे.

रात्रपाळी यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितोय.

रात्रपाळी

@समतोल, आदर पोचला. पण तुम्ही काढलेल्या ड्रॉइंगवर सक्शन स्ट्रेनर असतो, तो साफ करायला माणूस उभा राहील एवढी जागा नसते. हे ज्याने एकदा स्ट्रेनर काढलाय तोच ओळखतो.

समतोल

हे मान्य. अगदी मान्य.

फळा_आणि_डस्टर

मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ही तक्रार बहुतेक ठिकाणची आहे.

कॉलम बंद का असतो? प्रॅक्टिकल दोन तासांचं. कॉलम तापून स्थिर व्हायलाच तास-सव्वा तास जातो, आणि स्थिर होण्याआधीच्या रीडिंगला अर्थ नसतो. मग वाफ. बॉयलर चालवायला प्रमाणपत्र असलेला अटेंडंट हवा, ते पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं. एखादं गॅस्केट गेलं तर खरेदीची फाइल फिरत राहते. कॉलम एकदा बंद पडला की सुरू करायची हिंमत कुणी करत नाही, कारण काही फुटलं तर जबाबदारी त्याच्यावर.

मी एक उपाय केला, तो सांगतो. आमच्याकडे एक सेंट्रिफ्यूगल पंप मरून पडला होता. चार मुलामुलींना तो दिला आणि म्हटलं, मला दुरुस्त करून नको, का मेला ते लिहून द्या. त्यांनी चार शनिवार घेतले. पहिल्या शनिवारी फक्त नट सोडवले, कारण गंज. दुसऱ्या शनिवारी इम्पेलरची पाती झिजलेली दिसली. एका मुलीने व्हर्निअरने व्यास मोजला आणि कॅटलॉगमधल्या व्यासाशी ताडून पाहिला. हेड व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं हे तिला तेव्हा आठवलं. तिने हिशेब मांडला की हा पंप पूर्वी किती उंच पाणी चढवत असेल आणि आता किती चढवेल. मग ती धावत माझ्याकडे आली. वीस वर्षांत कुठल्याही वायवाला मी तसा चेहरा पाहिलेला नाही.

म्हणून चौथी_सेमिस्टर, तुझ्या लॅबमधली बिघडलेली वस्तू शोध. चालू वस्तूपाशी गर्दी असते, बिघडलेलीपाशी तुला एकटीला वेळ मिळेल. सरांची परवानगी मात्र लेखी घे, विजेची जोडणी काढून घेतल्याची खात्री कर.

विहिरीवरची_मोटर

मी इंजिनिअर नाही, शेतकरी आहे, तासगाव भाग. पंपाचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते. पाण्यापासून २५ फुटांच्या वर मोटर राहिली की कितीही हॉर्सपॉवरची असू दे, पाणी उचलत नाही. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर रोज सकाळी आधी बादलीनं पाणी भरा, मगच चालू. वडिलांनी शिकवलं, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. का ते कुणी सांगेल का?

फळा_आणि_डस्टर

दादा, तुम्ही फार मोठी गोष्ट विचारलीत. पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त आतली जागा मोकळी करतो, पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर, म्हणजे ३४ फुटांच्या आसपास पाणी वर चढवू शकतो. त्यातून पाइपचं घर्षण आणि पंपाला लागणारा किमान दाब वजा करा, हातात २५ फूटच उरतात. तुमच्या वडिलांचा आकडा बरोबर आहे. आणि पंपात हवा भरली असेल तर इम्पेलर हवाच घुसळत बसतो. हवा पाण्याच्या साधारण आठशेव्या हिश्श्याइतकी हलकी, तिच्याने पाणी उचलण्याइतका दाबच तयार होत नाही. म्हणून बादली.

विहिरीवरची_मोटर

म्हणजे हवा ढकलते! चाळीस वर्षं मोटर ओढते असंच समजत होतो. धन्यवाद सर. आज घरात सगळ्यांना सांगतो.

लोखंडी_जिना

रात्रपाळीकाकांची गोष्ट वाचून माझी लिहिते.

तिसऱ्या वर्षानंतर इनप्लांट ट्रेनिंगला एका कंपनीत गेले. नाव नको. बॅचमध्ये आम्ही दोघी मुली. मुलांना बूट-हेल्मेट देऊन प्लांटमध्ये पाठवलं आणि आम्हाला सांगितलं, तुम्ही डॉक्युमेंट रूममध्ये बसून ड्रॉइंग वाचा, मुलींनी स्ट्रक्चरवर चढायचं काही काम नाही. चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी मी शिफ्ट इन्चार्जसमोर उभी राहिले आणि म्हटलं, सर, चार दिवस ड्रॉइंग वाचलंय, आता त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह प्रत्यक्ष शोधून खूण करायची आहे, द्या हेल्मेट. त्यांनी एका वयस्क ऑपरेटरकाकांबरोबर पाठवलं.

ड्रॉइंग आणि प्लांट यांत अकरा फरक सापडले. दोन व्हॉल्व्ह ड्रॉइंगवर नव्हतेच. एक बायपास लाइन ड्रॉइंगवर होती, प्रत्यक्षात कापून टाकलेली. चार दिवस कोंडल्याचा राग होता, पण त्या चार दिवसांमुळेच मला ते फरक दिसले. बाहेर फिरणाऱ्या मुलांना दिसले नव्हते, कारण त्यांनी कागद वाचलाच नव्हता.

काकांनी स्टीम ट्रॅप ऐकायला शिकवलं. ट्रॅप म्हणजे वाफेच्या लाइनमधलं साचलेलं पाणी सोडणारं आणि वाफ अडवणारं साधन. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची. चांगला ट्रॅप थांबून थांबून टक् करतो आणि पाणी सोडतो. बिघडलेला सतत सूं करत राहतो, म्हणजे वाफ फुकट चाललीय. आम्ही एका दुपारी ४० ट्रॅप ऐकले, ९ सूं करणारे निघाले. यादी दिली. पुढच्या बॅचपासून मुलींनाही पहिल्याच दिवशी हेल्मेट मिळालं, हे मला नंतर काकांनी फोन करून सांगितलं.

मिशिगनची_थंडी

वा, जिना! कडक.

मी इथे अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंग केलं, त्यातला एक अनुभव. इथल्या केमिकल इंजिनिअरांच्या संस्थेची केम-ई-कार नावाची स्पर्धा असते, १९९९ पासून. बुटांच्या खोक्यात मावेल एवढी गाडी बनवायची. ती रासायनिक अभिक्रियेवर चालली पाहिजे आणि थांबलीही पाहिजे अभिक्रियेनेच. ब्रेक नाही, टायमर नाही, रिमोट नाही. किती पाणी लादून किती अंतरावर थांबवायची ते स्पर्धेच्या दिवशी, धावायच्या तासभर आधी सांगतात. रेषेच्या सर्वांत जवळ थांबेल तो जिंकला.

आम्ही थांबवायला आयोडीन क्लॉक वापरलं होतं. दोन बिनरंगी द्रावणं मिसळली की काही सेकंद काहीच होत नाही, मग स्टार्चमुळे एकदम गडद निळं होतं. त्यातून जाणारा प्रकाश अडतो, सेन्सर मोटरचा प्रवाह तोडतो. महिनाभर लॅबमध्ये आलेख काढले होते. कुठल्या तीव्रतेला किती सेकंद, कंठस्थ. स्पर्धेच्या हॉलमध्ये गाडी रेषा ओलांडून सहा मीटर पुढे गेली.

हॉल थंड होता. आमची लॅब २३ अंशांवर, हॉल १६-१७. तापमान कमी, अभिक्रिया मंद, रंग उशिरा, गाडी पुढे. तापमानाने अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारं आऱ्हेनियसचं समीकरण आम्ही सगळ्यांनी सोडवलं होतं, पण बाटल्यांचं तापमान मोजायला एकानेही थर्मामीटर नेला नव्हता. पुढच्या वर्षी आम्ही तापमानाचा वेगळा तक्ता केला आणि रेषेपासून हातभर अंतरावर थांबलो. भारतातल्या कॉलेजांतही या स्पर्धा होतात, चौथी_सेमिस्टरने नक्की टीम करावी.

दुसरं म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला कॉफीवर आख्खा कोर्स आहे. केमिकल इंजिनिअरिंगचेच प्राध्यापक शिकवतात. कॉफी मशीन उघडून बघायचं, बी भाजायची, पाणी आणि भुकटीचा मास बॅलन्स मांडायचा. शेवटी स्पर्धा कशाची, तर कमीत कमी वीज वापरून सर्वांत चवदार कॉफी कोण करतं.

मधली_सुट्टी

हा कोर्स आपल्याकडे चहावर करायला हवा. वर्गात शंभर टक्के हजेरी.

आई_दोघांची

मुलगा बारावीत आहे, केमिकल घ्यायचं म्हणतो. म्हणून हा धागा नीट वाचतेय. कॉलेज निवडताना हे "हाताने शिकणं" बाहेरून कसं ओळखायचं?

मांडवीकाठ

ताई, कॉलेजात गेलात की लॅब बघायला मागा आणि फरशीकडे बघा. जिथे सेटअप चालतो तिथे फरशी ओली असते, ड्रेनपाशी डाग असतात. सगळं चकचकीत आणि कोरडं असेल तर समजा. शिवाय तिथल्या मुलांना विचारा, सहा महिने सलग प्लांटमध्ये काढायची सोय आहे का?

मी बिट्सच्या गोवा कॅम्पसचा. आम्हाला प्रॅक्टिस स्कूल असतं. दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साडेपाच महिने कंपनीत, तेही क्रेडिट धरून. ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या एमआयटीची. तिथे आर्थर लिटल आणि विल्यम वॉकर यांनी १९१६ मध्ये मुलांना कारखान्यांतल्या स्टेशनांवर पाठवायला सुरुवात केली, शिकवणारा प्राध्यापकही तिथेच मुक्कामाला. युनिट ऑपरेशन्स, म्हणजे डिस्टिलेशनसारख्या कारखान्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक पायऱ्या, हा शब्दप्रयोग त्याच लिटल यांनी १९१५ मध्ये रूढ केला. म्हणजे ज्याने या शास्त्राचं गणित सुटसुटीत केलं, त्यालाच मुलांना कारखान्यात धाडायची घाई होती.

आणि डिस्टिलेशन बघायचं तर एप्रिलमध्ये गोव्यात या. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून भाटीत चढवतात. पहिल्या धारेचा तो उर्राक, हलका. उर्राक पुन्हा भाटीत गेला की फेणी. वर्गात दोन स्टेज म्हणून जे काढतो ते समोर मडक्यांत दिसतं. आमच्या गावातला भाटीवाला धार पडताना फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघून कस सांगायचा. मी हायड्रोमीटर घेऊन गेलो होतो, त्याचा अंदाज दर वेळी अगदी जवळ आला. फक्त बघायचं हं. दारू घरी गाळणं बेकायदा आहे आणि ज्वालाग्राही वाफेशी घरी खेळू नये.

आई_दोघांची

फरशीची खूण लक्षात ठेवते. मनापासून आभार.

समतोल

माझ्या पहिल्या पोस्टवर दोन व्यनि (खासगी निरोप) आले, म्हणून अजून थोडं लिहितो.

१९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोला काय झालं ते प्रत्येक केमिकल इंजिनिअरने वाचावं. सहा रिॲक्टरच्या माळेतला पाचवा तडकला. उत्पादन थांबू नये म्हणून चौथा आणि सहावा जोडायला तात्पुरता पाइप घातला. रिॲक्टरची तोंडं २८ इंचांची, पाइप २० इंचांचा, मधे दोन बाक, दोन्ही टोकांना बेलोज म्हणजे लवचीक जोड, खाली परांचीचा आधार. त्या पाइपचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. बनवणारे हाताचे पक्के होते, वेल्डिंग करणं त्यांना उत्तम येत होतं. पण दाबामुळे त्या बाकांवर किती जोर येईल याचा हिशेब कुणी केला नाही. १ जूनला पाइप सुटला, सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही द्रवाच्या वाफेचा ढग पेटला, २८ माणसं गेली.

दुसरं उदाहरण २००७ चं, अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिलमधलं टी-टू लॅबोरेटरीज. एक लिटरच्या रिॲक्टरमध्ये जमलेली अभिक्रिया सुमारे नऊ हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली. भांडं एवढं वाढलं की दर लिटरमागे थंड करायला मिळणारा पृष्ठभाग विसाव्या हिश्श्यावर येतो, हे भूमितीच सांगते. त्या दिवशी थंडावा कमी पडला, अभिक्रिया हाताबाहेर गेली. चार जण मेले, त्यांत मालक असलेला केमिकल इंजिनिअरही होता. चौकशी करणाऱ्या मंडळाने नंतर शिफारस केली की अशा अभिक्रियांचे धोके पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकवा.

म्हणून मी हिशेबाचा आग्रह धरतो. पण इतरांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. मी नवीन मुलांना एक सवय लावतो, ती इथे देतो. कुठलाही व्हॉल्व्ह उघडण्याआधी, कुठलंही बटण दाबण्याआधी, काय आकडा येईल ते पेनने लिहायचं. पेन्सिलने नाही. मग रीडिंग घ्यायचं. दोघांतला फरक कुठे गेला, ते शोधायचं. फरक शोधायचा नसेल तर प्रयोग करूच नका.

@चौथी_सेमिस्टर, याला कॉलम लागत नाही. स्वयंपाकघरातली शेगडी पुरते. गॅसमधली किती टक्के उष्णता पाण्यात जाते, सांग. आधी आकडा.

लोखंडी_जिना

पेनने लिहायचं! हे मी उद्यापासून आमच्या ट्रेनींना लावणार.

चौथी_सेमिस्टर

समतोल सर, आव्हान घेतलं. पेनने लिहिलं: ८० टक्के. रविवारी करते.

रात्रपाळी

कडेला बादलीभर पाणी आणि खिडकी उघडी ठेव.

चौथी_सेमिस्टर

केला! सविस्तर लिहिते.

पाच किलोचा छोटा सिलिंडर मामाच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी आणि नंतर तोलला. काटा पाच-पाच ग्रॅमने बदलतो. पातेल्यात ३ किलो पाणी, सुरुवातीला २८ अंश. झाकण नाही. उकळल्यावर चालूच ठेवलं, ६०० ग्रॅम वाफ होईपर्यंत. आई म्हणाली, नुसतं पाणी उकळतेयस, त्यात मुगाची डाळ तरी टाक.

पहिली अडचण: थर्मामीटर ९८ च्या वर गेलाच नाही. पाणी खदखदतंय आणि पारा ९८. मला वाटलं थर्मामीटर खराब. सीनिअरच्या जर्नलमध्ये १०० लिहिलेलं असतं. मी पण १०० लिहिणार होते, पण मग हा सगळा धागा आठवला. तासभर बसले. मग आठवलं की पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे! दाब कमी, उत्कलनबिंदू कमी. तक्त्यात बघितलं तर बरोबर ९८ च्या जवळ. थर्मामीटर ठीक होता. इतका आनंद मला आजवर कुठल्या मार्कांचा झाला नाही.

हिशेब: ३ किलो पाणी २८ वरून ९८ ला न्यायला सुमारे ८८० किलोज्यूल. ६०० ग्रॅमची वाफ करायला सुमारे १३५५. एकूण २२३५. गॅस लागला ९० ग्रॅम, किलोला ४६,००० किलोज्यूल धरले तर ४१४०. म्हणजे ५४ टक्के. काटा पाच ग्रॅम इकडे-तिकडे धरला तर ५१ ते ५७.

मी ८० लिहिलं होतं. २६ टक्के कुठे गेले?

फळा_आणि_डस्टर

मुली, तू चुकीची मर्यादाही लिहिलीस. शाब्बास. उत्तर मी सांगणार नाही. पातेल्याच्या कडेला हात धर, लांबून. ज्योत कुठपर्यंत येते बघ.

चौथी_सेमिस्टर

ज्योत तळाच्या बाहेर पसरून कडेने वर जात होती! आज बर्नर बारीक केला, ज्योत तळाच्या आतच ठेवली. तेवढंच पाणी, तेवढीच वाफ, वेळ जास्त लागला, पण गॅस ८० ग्रॅम. ६१ टक्के. आता झाकण ठेवून करणार आहे, पण झाकणावरून थेंब परत पडतात, मग वाफ किती गेली ते पाणी तोलूनच काढावं लागेल.

मिशिगनची_थंडी

झाकणावरून थेंब परत पडतात त्याला रिफ्लक्स म्हणतात. तुझ्या लॅबमधल्या बंद कॉलमचा वरचा भाग तू घरी चालू केलास.

चिपाड

आत्तापर्यंत नुसतं वाचत होतो. पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ हाय, मी स्वतः केमिकलचा डिप्लोमा. तुझी शेगडी वाचून म्हटलं, आता हिला मोठी शेगडी दाखवायला हवी.

एका काहिलीत हिशेबाला सोपा म्हणून १००० किलो रस धर. शंभरात वीस भाग घन. गुळात पाणी पाचेक टक्के. म्हणजे २०० भागिले ०.९५, साधारण २१० किलो गूळ, बाकी ७९० किलो पाणी वाफ होऊन वर. मधे रानभेंडीचा चीक घालून मळी वर आणतो आणि काढतो, ती वजा करायची. जाळ चिपाडांचा. रस आधी शंभराच्या आसपास उकळतो आणि बराच वेळ तिथंच रेंगाळतो. घट्ट होत गेला की उत्कलनबिंदू चढायला लागतो, शेवटी तर झपाझपा. ११८ च्या पुढं-मागं गूळ होतो. दोन-तीन अंश चुकला तर ढेप चिकट राहते नाहीतर करपट होते.

आमचा गुळव्या थर्मामीटर वापरत नाही. बुडबुड्याचा आकार आणि आवाज बघतो, पळीभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळून बघतो. मी गेल्या हंगामात त्याच्या शेजारी थर्मामीटर धरून १७ आदणं, म्हणजे रसाच्या खेपा, मोजली. त्यानं "काढा" म्हटलं तेव्हा पारा दर खेपेला ११७ ते ११९ मध्येच. पण एका आदणाला १२१ ला काढायला सांगितलं. मला वाटलं चुकला. तो म्हणाला, ऊस खारट जमिनीतला हाय, याला जास्त आटवावं लागतं. ढेप चांगली बसली. ते का, हे मला अजून पुरतं समजलेलं नाही. रसातल्या क्षारांमुळं उत्कलनबिंदूच वर सरकला असंल, असा माझा अंदाज. समतोल सर, तुमचं काय मत?

समतोल

क्षारांनी उत्कलनबिंदू वाढतो हे खरं, म्हणजे तेवढ्याच घट्टपणाला पारा जास्त दिसेल. शिवाय अशा गुळात ओल धरणारी द्रव्यं जास्त असतील तर तो आणखी कोरडा करावा लागेल. दोन्ही कारणं एकाच दिशेने ओढतात. वेगळी करायची तर दोन्ही गुळांमधली ओल मोजावी लागेल. मला यात फार रस वाटतोय. नमुने ठेवलेत का?

चिपाड

ढेपा हायेत की. दोन्हीकडच्या.

चौथी_सेमिस्टर

ओल आमच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये मोजता येईल! तो चालू आहे, मी बघितलाय. चिपाडदादा, मी शनिवारी येऊ का? दोन मैत्रिणीही येतो म्हणतायत. लॅबमधला थर्मामीटर आणते, ११० चा.

चिपाड

या की. ११० चा आणू नका, फुटंल. २०० पर्यंतचा आणा. सुती कपडे घाला, ओढणी नको, काहिलीपाशी पायात बंद बूट. पहाटे साडेपाचला पोचा, पहिलं आदण सहाला चढतं. आणि किती किलो गूळ पडंल ते पेननं लिहून आणा. रस ९५० किलो असंल, ब्रिक्स, म्हणजे रसातला शेकडा घन भाग, तिथं आल्यावर मोजू, सध्या २० धरा.

चौथी_सेमिस्टर

लिहिला. १९० किलो. मळी १० किलो धरलीय.

चिपाड

गुळव्याला विचारलं. तो १८२ म्हणतोय.